गोगलगायींच्या जेवणाची सोय

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा: मोठ्या डॉक्टरांची टाकी गेली. साडेचार फूट लांब, खाऱ्या पाण्याची, आत प्रवाळ आणि मासे असलेली ती टाकी दवाखान्याच्या वेटिंग रूममधून चार माणसांनी उचलून नेली. त्या जागी भिंतीवर टीव्ही आला. त्यावर एक बाई दिवसभर हिरड्यांविषयी हसत हसत बोलत असते.

आता हे विसरून जा, कारण असं काही झालेलंच नाही. दवाखान्याची अधिकृत भूमिका अशी आहे की इथे टाकी कधी नव्हतीच. फरशीवर स्टँडच्या पायांचे चार गंजके ठसे आहेत, ते आधीपासूनचे आहेत. एखादा जुना पेशंट विचारतो, "अहो, इथे मासे होते ना?" काउंटरवरची बाई रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणते, "कुठले मासे?" पेशंट आधीच घाबरलेला असतो. दाढ ठणकत असताना माणूस स्वतःच्या आठवणीवर फारसा विसंबत नाही. तो गुपचूप बसतो आणि हिरड्यांची बाई बघतो.

तर ही त्या नसलेल्या टाकीची गोष्ट.

मोठे डॉक्टर दातांचे. पंचेचाळीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून त्यांनी मनुष्यजातीविषयी एक मत बनवलं होतं आणि ते बरं नव्हतं. "दोन वेळा घासतो म्हणणारा एकदाच घासतो, एकदा म्हणणारा घासतच नाही," असं ते म्हणत. उरलेल्या जगाकडेही ते याच नजरेने बघत: सगळे खोटं बोलतात आणि सगळ्यांच्या मागच्या दाढा किडलेल्या आहेत.

चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. त्यांच्या मते हात स्थिर होता, पेशंट हलत होते. पण एके दिवशी तोंडात घातलेला आरसा दातांवर टकटक टकटक वाजू लागला आणि खुर्चीतल्या बाईंनी तोंड उघडं ठेवूनच विचारलं, "दारावर कोण आलंय का?" शेजारच्या खुर्चीवर लेक काम करत होती. तीही दातांचीच डॉक्टर. ती उठली, वडिलांच्या हातातून आरसा काढून घेतला आणि म्हणाली, "बाबा, आता आराम करा."

आराम म्हणजे घरी खिडकीशी बसून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजणं. मोठ्या डॉक्टरांनी ते आठ दिवस मोजले. नवव्या दिवशी त्यांनी टाकीची टूम काढली. मासे बघितले की पेशंटची भीती जाते, नाडी उतरते, असं त्यांनी लेकीला पटवून दिलं. लेक म्हणाली, "ठीक आहे. पण साफसफाई तुम्हीच बघायची."

हेच तर हवं होतं. टाकी आली आणि तिच्या मागोमाग मोठे डॉक्टर पुन्हा दवाखान्यात आले. सकाळी नऊ ते दुपारी दीड. पांढरा कोट घालून. टाकी आहे तोवर कोट आहे, टाकी गेली की परत खिडकी आणि गच्ची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडाने कुणी बोलत नव्हतं, मोठे डॉक्टर तर मुळीच नाही.

त्यांनी प्रत्येक माशाचा केस पेपर काढला. 'रुग्ण: नारिंगी-पांढरा, थोरला. वय: माहीत नाही. तक्रार: नाही.' खाली तपशिलात: 'स्वभाव भांडखोर. दात: लागू नाही.' पाण्याचा खारेपणा ते दिवसातून तीनदा मोजत, आणि इतका वाकडा चेहरा करून मोजत की वेटिंग रूममधल्या पेशंटला वाटे आपलाच रिपोर्ट आलाय.

दवाखान्यातला चौथा माणूस जावई. तो डॉक्टर नव्हता. त्याने व्यवस्थापन शिकलं होतं, म्हणजे त्याला स्वतःला काही करता येत नव्हतं, पण दुसऱ्याने ते कसं करावं हे येत होतं. वेटिंग रूममध्ये टीव्ही हवा असं तो लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून म्हणत होता. मोठे डॉक्टर त्याला 'जावईबापू' म्हणत. मान देऊन माणसाला खाली कसं ढकलायचं, हे त्यांच्याकडून शिकावं.

या जावईबापूंना एके दिवशी सासऱ्यांवर प्रेम करायची लहर आली. त्यांचा कुणी मित्र गाव सोडून चालला होता, तो आपली टाकी मोडत होता. तिथून जावयाने एक दगड आणला: नारळाएवढा, भोकाभोकांचा, वर जांभळ्या प्रवाळाचा तुरा. मोठ्या डॉक्टरांचा नियम असा की नवा दगड आधी महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवायचा. दगडाच्या भोकांमध्ये न बोलावलेले कोण कोण लपून आलेले असतात. पण मोठे डॉक्टर हात धुवायला गेले होते, तेवढ्यात जावयाने दगड थेट टाकीत सोडला.

"सरप्राइज!" तो म्हणाला.

"वा," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुमच्या हाताला साबण होता का हो?"

"नाही बाबा."

"मग माशांना मारायची तेवढी एक गोष्ट राहिली म्हणायची."

आठ दिवसांनी त्या दगडाच्या भोकातून एक फूल डोकावलं. करंगळीच्या पेराएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार, वरती नाजूक केसांची झालर. काउंटरवरची बाई काचेला नाक लावून म्हणाली, "अगंबाई, किती गोड! आपल्याकडे पाळणा हलला." मोठ्या डॉक्टरांनाही ते आवडलं. त्यांनी केस पेपर काढला: 'नवीन दाखल. प्रकृती उत्तम.'

शनिवारी मासेवाला आला. मासे, मीठ, पंप वगैरे तोच पुरवायचा. त्याने फूल बघितलं आणि दोन पावलं मागे सरला.

"डॉक्टरसाहेब, हे ऐप्टेशिया. समुद्रफुलांमधलं तण. आज एक दिसतंय, उद्या घर भरेल. प्रवाळाला डसतं, जाळून टाकतं. आजच्या आज मारा."

"उपटून टाकतो."

"अजिबात नाही! हात लावला की भोकात पळतं. तुटलं तर जेवढे तुकडे तेवढी नवी फुलं. सिरिंज घ्यायची, घट्ट चुना कालवायचा, आणि ते तोंड उघडून बसलेलं असताना, धक्का न लावता, बरोब्बर तोंडात सोडायचा. फक्त हात स्थिर पाहिजे."

शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. मोठ्या डॉक्टरांनी उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

खरं म्हणजे चुना त्यांच्याच कपाटात होता. रूट कॅनालमध्ये भरायची चुन्याची पांढरी पेस्ट, सुईसकट, तयार. पंचेचाळीस वर्षं त्यांनी तीच भरली होती. दहा पावलांवर लेक होती, तिचा हात दगडासारखा स्थिर. "पोरी, जरा ये गं," एवढं म्हटलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण मग 'फक्त हात स्थिर पाहिजे' हे सगळ्यांसमोर मान्य झालं असतं.

"मला हा तोंडात सुई द्यायला शिकवतोय," मासेवाला गेल्यावर ते काउंटरवरच्या बाईला म्हणाले. "चुना म्हणजे मलमपट्टी हो. रोग मुळापासून काढायचा असतो. ड्रिल करू."

"पण तो म्हणाला तुकडे—"

"तो मासे विकतो. मी सर्जन आहे."

दुपारी दीड वाजता लेक आणि जावई जेवायला गेले. दोन नंबरच्या खुर्चीवर नारळाएवढा दगड ठेवला गेला. त्याला निळा कागदी रुमाल बांधला गेला. का, ते विचारू नका. पंचेचाळीस वर्षांची सवय. वरचा दिवा लागला. काउंटरवरच्या बाईने सक्शनची नळी धरली. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा चढवला, ड्रिल उचललं, आणि दगडाला म्हणाले, "मोठं तोंड उघडा."

दगडाने उघडलं नाही. फूल तर कधीच भोकात पळालं होतं. मग मोठ्या डॉक्टरांनी भोक मोठं केलं. ड्रिल थरथरत होतं, की हात, की दगड, हे सांगणं अवघड होतं. पाण्याचा फवारा, दगडाची भुकटी आणि फुलाचा कीस सगळीकडे उडाला. बाईंच्या चष्म्यावर, दिव्यावर, छतावर. वीस मिनिटं चाललं. शेवटी तिथे एक सुंदर, गोल, गुळगुळीत पोकळी झाली. दाताला असती तर परिषदेत फोटो दाखवावा अशी.

"काय म्हणता?" मोठे डॉक्टर म्हणाले.

"मस्त," बाई तोंड पुसत म्हणाली. "खारट आहे."

दगड परत टाकीत गेला. जाताना अंगाखांद्यावर चिकटलेला सगळा कीस बरोबर घेऊन गेला.

पंधरा दिवसांनी चाळीस फुलं. महिन्याने कुणी मोजायच्या भानगडीत पडलं नाही. दगडांवर, पंपावर, काचेवर, हीटरवर, एक तर एका शंखाच्या पाठीवर बसून फिरत होतं. मासेवाल्याने सांगितलेलं शब्दन् शब्द खरं झालं होतं, त्यामुळे मोठ्या डॉक्टरांना तो आणखीच नावडता झाला. जांभळा तुरा आधी पांढरा पडला, मग गळून गेला. मासे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे राहू लागले, लिफ्टमध्ये अनोळखी माणसं उभी राहतात तसे.

आणि मग व्हायचं ते झालं. वेटिंग रूममधली एक आजीबाई काचेकडे बघत मोठ्याने म्हणाली, "बुरशी धरलीये वाटतं. इथली अवजारं तरी उकळतात का रे?" सगळ्यांनी टाकीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. दोघं जण फोन आल्याचं सोंग करून उठून गेले ते परत आले नाहीत.

संध्याकाळी बैठक भरली. जावयाने एक तक्ता आणला होता. त्याला कुठेही तक्ता लागतो.

"बाबा, वस्तुस्थिती बघू या," तो म्हणाला.

"बघा की. ती तुमच्याच हाताने टाकीत आलीये."

"मी एक आणलं होतं. चारशे तुम्ही केलीत."

हे खरं होतं, म्हणून मोठे डॉक्टर लेकीकडे वळले. "तुझ्या नवऱ्याला सांग, जावई दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. बाकीचे नऊ निदान आपापल्या जागी फिरतात."

लेक हसली नाही. तिच्या आईवर गेली होती. "बाबा, तीन महिने. तीन महिन्यांनंतर त्यात एकही फूल दिसलं तर टाकी जाईल. पेशंट पळालेले मला परवडणार नाहीत."

"आणि मी?"

असं विचारायचं त्यांच्या मनात नव्हतं, निसटलं. लेकीने हातमोजे काढले, पेटीत टाकले, आणि म्हणाली, "तुम्ही आधी फुलांचं बघा."

मोठ्या डॉक्टरांनी बघितलं. मासेवाल्याला बोलावण्याची वेळ आली, ती त्यांनी 'त्याला त्याची चूक दाखवायची आहे' असं सांगून निभावली. मासेवाल्याने आधी कोळंब्या दिल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, ऐप्टेशिया खाणाऱ्या. त्यांनी माशांचं खाणं खाल्लं, एकमेकींचे पाय खाल्ले, ऐप्टेशियाला मात्र शेजाऱ्यासारखं वागवलं. मग एक लांब चोचीचा पिवळा मासा आला. त्याने उरलेलं चांगलं प्रवाळ वेचून खाल्लं आणि पाचव्या दिवशी वारला. 'मृत्यूचे कारण: चोखंदळपणा,' मोठ्या डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलं.

शेवटी मासेवाला एक पिशवी घेऊन आला. आत नुसतं पाणी.

"नीट बघा," तो म्हणाला.

नीट बघितल्यावर सहा गोगलगायी दिसल्या. कवच नसलेल्या, नखाएवढ्या, अंगावर पांढरी झालर. "नाव बर्गिया. जन्मभर फक्त ऐप्टेशिया खातात. दुसरं काहीही तोंडात घेत नाहीत. उजेडाला लाजतात, अंधारात कामाला लागतात."

"एवढ्याशा? चारशे?"

"धीर धरा, डॉक्टरसाहेब. यांना अंडीही होतात."

गोगलगायी टाकीत सोडल्या आणि त्या क्षणापासून कुणालाही दिसल्या नाहीत. जावई रोज सकाळी विचारी, "बाबा, तुमचे सहा अदृश्य कर्मचारी हजर झाले का?"

"एकेक जण बिनबोभाट काम करतोय," मोठे डॉक्टर म्हणत. "पाहिलाय का कधी असा माणूस? आरशात तर नक्कीच नसेल."

पण मनातून त्यांनाही खात्री नव्हती. म्हणून दुपारी दीडला, सगळे जेवायला गेले की, ते टाकीचे दिवे बंद करत, ऑपरेशनची हिरवी चादर टाकीवर आणि स्वतःच्या डोक्यावर ओढून घेत, आणि आत लाल टॉर्च लावून बसत. बाहेरून कोटातला एक मुंडकं नसलेला म्हातारा दिसे. एकदा एका पेशंटने घाईने दार उघडलं, तसंच हळूच लावलं आणि दाढदुखी घेऊन घरी गेला.

अकराव्या दुपारी त्यांना दिसलं. एक गोगलगाय फुलाच्या बुंध्याशी आली. झालर अंगासरशी आवळून घेतली, लढाईला निघाल्यासारखी. फुलाने डसून बघितलं, तिला काही झालं नाही. ती सावकाश, न घाबरता, न घाई करता, मुळापासून खात गेली. मोठ्या डॉक्टरांनी श्वास रोखला. इतकं स्वच्छ काम त्यांनी बऱ्याच वर्षांत कुणाचं बघितलं नव्हतं, लेकीचंसुद्धा नाही.

"शाबास," ते चादरीत म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकलेला दुसरा जीव शोधून सापडला नसता.

अंड्यांची पांढरी वेटोळी काचेवर दिसू लागली. सहाच्या वीस झाल्या, वीसच्या साठ. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस टाकीत एकही ऐप्टेशिया उरलं नाही. लेकीने स्वतः भिंग घेऊन तपासलं. दगड स्वच्छ, काच स्वच्छ, मासे कोपऱ्यातून बाहेर येऊन पुन्हा भांडत होते.

"बाबा," ती म्हणाली, "टाकी राहू दे."

जावयाने तक्ता गुंडाळला. मोठे डॉक्टर जिंकले होते. गोष्ट इथेही संपू शकली असती. पण मोठ्या डॉक्टरांनी आजवर कुठलीही गोष्ट संपायच्या जागी संपू दिली नव्हती.

दुसऱ्या दुपारी ते चादरीत बसले आणि त्यांना साठ गोगलगायी काचेवर भटकताना दिसल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिकाम्या. त्यांनी मासेवाल्याला फोन लावला.

"आता या काय खाणार?"

"काही नाही," मासेवाला म्हणाला. "ऐप्टेशिया संपलं, काम संपलं. आठ-दहा दिवसांत जातील. सगळे असंच करतात, साहेब."

"काम संपलं म्हणून?"

"हो ना. ठेवून तरी काय करणार?"

मोठ्या डॉक्टरांनी फोन ठेवला. मग तो पुन्हा उचलला, त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा जोरात ठेवला.

संध्याकाळी ते स्वतः मासेवाल्याच्या दुकानात गेले. कोपऱ्यातल्या एका दुर्लक्षित टबात त्यांना हवं ते दिसलं: एक दगड, त्यावर तीन लठ्ठ ऐप्टेशिया. मासेवाला म्हणाला, "हा फेकायचाय." मोठे डॉक्टर म्हणाले, "द्या इकडे." मासेवाल्याने आयुष्यात वेडी गिऱ्हाइकं पुष्कळ बघितली होती, पण जळतं घर विझवून परत काडेपेटी मागायला आलेला हा पहिलाच.

टाकीत तो दगड घालणं शक्य नव्हतं. लेक भिंग घेऊन फिरत होती. मोठ्या डॉक्टरांनी वेगळी व्यवस्था केली. मागच्या खोलीत, जिथे लोकांच्या कवळ्या दुरुस्त होतात, तिथे एका फळीवर कवळ्या भिजत ठेवायचे झाकणाचे कप होते. त्यांतले आठ त्यांनी घेतले, खाऱ्या पाण्याने भरले, खिडकीपाशी मांडले. मग दुपारी दीडला तीन लठ्ठ फुलांचा दगड दोन नंबरच्या खुर्चीवर आला. रुमाल बांधला. दिवा लागला. बाईंनी या खेपेला सक्शन धरलं नाही, गाळणी धरली.

मोठ्या डॉक्टरांनी ड्रिल उचललं. हात थरथरत होता. त्यांनी तो थरथरू दिला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं नाही, कोपर खुर्चीच्या दांड्यावर टेकवलं नाही. ड्रिल नाचलं, फुलांचा बारीक, एकसारखा, उत्तम कीस पडला. स्थिर हाताला हे जमलंच नसतं. स्थिर हाताने फार तर चार तुकडे केले असते.

"बघितलंत?" ते बाईला म्हणाले. "याला म्हणतात हात."

आठवड्याभरात आठही कपांत रोपं धरली. दर सोमवारी एक कप टाकीत उपडा व्हायचा आणि नव्या किसाने पुन्हा भरला जायचा, गोगलगायी रात्रीतून सगळं फस्त करायच्या, सकाळी लेकीच्या भिंगाला काही दिसायचं नाही. कपांवर मोठ्या डॉक्टरांनी केस पेपरचे नंबर चिकटवले होते. मोठ्या डॉक्टरांकडे पुन्हा ओपीडी होती, ऑपरेशन होतं, औषध देण्याच्या वेळा होत्या. ते नऊऐवजी साडेआठला येऊ लागले. एकदा तर त्यांनी जावयाला 'जावईबापू' न म्हणता नुसतं 'अहो' म्हटलं, तर जावयाने घाबरून बायकोला विचारलं, "बाबांची तब्येत बरी आहे ना?"

हे दोन महिने चाललं. मग काउंटरवरची बाई तीन दिवस रजेवर गेली आणि जावई म्हणाला, "तिचं काम मी बघतो."

शनिवारी दुपारी निवृत्त हेडमास्तरांची कवळी घासून तयार झाली. हेडमास्तर म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना ज्यांनी बाकावर उभं केलं होतं असे गृहस्थ. ते मंगळवारी येणार होते. कवळी कोरडी ठेवायची नसते, एवढं जावयाला ठाऊक होतं. अर्धवट ज्ञान त्याच्याकडे मुबलक होतं. फळीवर पाण्याने भरलेले, नंबर घातलेले कप ओळीने तयार. त्याने त्यातल्या एकात कवळी सोडली, झाकण लावलं, आणि स्वतःच्या व्यवस्थापनावर खूश होऊन दिवा मालवला.

मंगळवारी हेडमास्तर एक नंबरच्या खुर्चीत बसले. लेकीने जावयाकडून कप घेतला, कवळी चिमट्याने काढली, नळाखाली घातली न घातली, आणि हेडमास्तरांच्या तोंडासमोर धरली.

"बघा सर, कशी दिसते."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. डाव्या बाजूच्या दोन दाढांमधून एक तपकिरी फूल सावकाश बाहेर आलं, झालर पसरली, इकडे तिकडे चाचपलं, आणि हेडमास्तरांच्या श्वासाचा वारा लागताच आत पळालं.

हेडमास्तर काही बोलले नाहीत. दात नव्हते, हे एक कारण. ते खुर्चीतून उठले, रुमालासकट चालत वेटिंग रूममध्ये गेले आणि तिथे बसलेल्या नऊ जणांकडे बघून, दात नसतानाही अत्यंत स्पष्ट उच्चारात म्हणाले, "घरी जा."

निम्मे त्यांचेच विद्यार्थी होते. सगळे उठले.

मग मागच्या खोलीत जे झालं ते पेशंट नसल्यामुळे कुणी ऐकलं नाही.

"कवळी माझ्या कपात टाकली कुणी?" मोठे डॉक्टर ओरडले.

"तुमच्या कपात?" जावई म्हणाला. "कवळीच्या कपात मी कवळी टाकली! तुम्ही कवळीच्या कपात काय टाकलंत?"

"नंबर घातला होता!"

"बाबा," लेक म्हणाली. तिने आठही कप ओळीने उघडले होते. आठही कपांतून झालरी हलत होत्या. "तुम्ही हे पाळताय? ज्याच्यापायी तीन महिने रडलो, ते तुम्ही पाळताय?"

"गोगलगायींना दुसरं काही चालत नाही."

"मग मरू द्यायच्या!"

"का? काम संपलं म्हणून?"

लेकीने एका कपाचं झाकण लावलं. खिडकीतून ऊन येत होतं, कपांमधलं पाणी चमकत होतं. जावयाला, आश्चर्य म्हणजे, तक्ता सुचला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, मी ते तुमच्याबद्दल नव्हते म्हणत."

"मी तरी कुठे माझ्याबद्दल म्हणतोय? मी गोगलगायींबद्दल बोलतोय."

"टाकी जाईल, बाबा."

"जाऊ दे."

टाकी मासेवाल्याने नेली, मासे, दगड आणि साठ गोगलगायींसकट. त्याच्या दुकानात ऐप्टेशियाची ददात नव्हती, तेवढं एक बरं झालं. मोठ्या डॉक्टरांनी जाताना त्याला सगळे केस पेपर दिले आणि बजावलं, "हे वाचून घ्या. नुसते जपून ठेवू नका." मासेवाल्याने ते वजनकाट्याखाली ठेवले, काटा डुगडुगत होता म्हणून.

कोट घरी गेला. मोठे डॉक्टर खिडकीशी बसले. गच्चीवर कपडे होतेच. तीन दिवस त्यांनी ते मोजले नाहीत, चौथ्या दिवशी मोजले, पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी कागद घेतला, समास आखला, आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून सावकाश लिहिलं:

प्रति,
मा. मुख्य दंतवैद्य,
(अर्जदाराची कन्या)

विषय: अर्जदाराचा एक दात सदोष घोषित करून मिळणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, दवाखान्याच्या प्रचलित नियमानुसार प्रतीक्षागृहात बसण्याचा अधिकार केवळ रुग्णास आहे. अर्जदाराच्या मुखात आजमितीस अठ्ठावीस दात असून अर्जदाराने ते स्वतः तपासले असता दुर्दैवाने सर्वच्या सर्व निरोगी आढळले आहेत. त्यामुळे अर्जदारास रुग्ण या नात्याने दवाखान्यात उपस्थित राहणे अशक्य झाले आहे.

सबब विनंती की, सदर दातांपैकी कोणताही एक दात आपल्या स्तरावर सदोष घोषित करण्यात यावा व त्यावरील उपचारासाठी अर्जदारास दररोज सकाळी नऊची वेळ देण्यात यावी. सदर प्रकरणी आपल्या यजमानांचा अभिप्राय मागविण्यात येऊ नये. दात कोणता, हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार आपणांस राहील. मात्र सदर उपचार कोणत्याही परिस्थितीत पूर्ण करण्यात येऊ नये, ही विनंती.